बयनाबाईचं मोहफुलांचं सरबत

तेलुगू मुलखाच्या कडेला, बेला मंडळातल्या एका गावात बयनाबाईच्या तोंडाला आता कुणी भीत नाही. ते सतत चालूच असतं, आणि सतत चालणाऱ्या गोष्टीची माणसाला सवय होते. लोक भितात ते तिच्या नाकाला.

तीस वर्षं झाली, रोज दिवेलागणीला वामनराव घरी आले की ती उंबऱ्यात आडवी उभी राहते आणि म्हणते, "हा करा." वामनराव निमूट तोंड उघडून हा करतात. मग निकाल लागतो. "मोहाची. वरून इलायची खाल्ली, थे फुकट गेली." नाहीतर, "बाटलीतली. कोन पाजली आज?" नाहीतर, "शिंदी. या उमरीत शिंदी पेता, लाज वाटू द्या." हा निकाल कधी चुकल्याचं गावाला आठवत नाही. शेजारच्या दोघी-तिघी तर आपले नवरे तिच्याकडून हुंगवून नेत, दागिना सोनाराला दाखवावा तसे. आणि एवढं सगळं ओळखणाऱ्या बाईने आयुष्यात त्यातला एक थेंब जिभेवर ठेवला नव्हता. याचा तिला फार अभिमान होता. अभिमान कसला, माजच म्हणा ना.

वामनराव तसे कुणाच्या अध्यात ना मध्यात. कपाशीचं रान, एक बैलजोडी, संध्याकाळी पिणं, पिऊन गोठ्यात पांढऱ्या बैलाशी गप्पा, आणि झोप. बायकोवर कधी हात उगारला नाही. हे कुणी कौतुकाने बोललं की बयनाबाई उसळायची. "मारत नाई म्हनून आरती ओवाळू काय? मारत तं माहा बैलबी नाई." दरवर्षी श्रावणात ते महिनाभर पिणं सोडायचे, तेव्हा तर तिचा तिळपापड व्हायचा. अकरा महिने पिणाऱ्याला कुणी चकार शब्द बोलत नाही, आणि एक महिना थांबला की पारावर त्याचं नाव निघतं. "वामनराव श्रावण पाळतेत बरं." तो श्रावण घरात कुणाला पाळावा लागतो ते पारावरच्यांना कुठून कळणार. त्या महिन्यात वामनरावांना सात वाजता भजी लागत, आठ वाजता चहा लागे आणि जेवताना भाजीत मीठ कमी असल्याचं समजे. अकरा महिने त्यांना मीठ या वस्तूचा पत्ता नसे.

मयूरीच्या लग्नात मात्र हद्द झाली. बापाने लेकीबद्दल दोन शब्द बोलावेत म्हणून कुणा शहाण्याने वामनरावांच्या हातात माईक दिला. ते तेव्हा पुरते भरलेले होते. पंधरा मिनिटं ते पांढऱ्या बैलाबद्दल बोलले. त्याची चाल, त्याचं वशिंड, त्याचा समजूतदारपणा. लेकीचं नाव एकदाही आलं नाही. मुलाची आई राहीबाई मंचेरियलहून वऱ्हाड घेऊन आल्या होत्या. त्यांनी ते भाषण पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकलं आणि आजतागायत जपून ठेवलं.

लग्नाला दोन वर्षं झाली आणि मयूरीला सातवा महिना लागायला आला. पहिलं बाळंतपण माहेरीच व्हायचं, पण राहीबाईंचा फोन आला तो निराळाच.

"तुमच्या घरी पोरगी ठेवाले माही ना नाई, इनबाई. पन थ्या घरात पेणारा मानूस हाये. आजपासून महिनाभर थेंब नाई घेतला तं मी सोता येऊन पायते आन मंग ठेवते. नाईतं मंचेरियलमंदी दवाखाने कमी नाईत."

बयनाबाईला उलट बोलता आलं नाही. तिच्या आयुष्यात असे प्रसंग मोजकेच. जगात तिला कशाचंच कौतुक नव्हतं, पण ही एक गोष्ट तिला जीव तोडून हवी होती. मयूरीच्या वेळी तिची स्वतःची आई आधीच गेलेली. सासरच्या एका चुलत सासूने दोन तांबे पाणी अंगावर ओतलं, तेच तिचं बाळंतपण. वामनराव त्या दिवशी कुठे होते ते सांगायला नको. तेव्हापासून तिने मनात धरलं होतं की लेकीला शेक आपण द्यायचा, न्हाऊ आपण घालायचं, डिंकाचा लाडू आपल्या हाताने भरवायचा. जुन्या लुगड्यांची दुपटी शिवून झाली होती. बाळंतशेपाही निवडून डब्यात भरून ठेवली होती. आता ते सगळं अडलं होतं वामनरावांच्या घशाशी.

"झालं," ती म्हणाली. "माही लेक आता याच्या जिभेवर टांगली."

उपाय काढला जावयाने. राजकुमार हैदराबादला कंपनीत होता. त्याच्या कंपनीतल्या पोरांनी महिनाभर दारू बंद अशी शर्यत लावली होती. मोबाईलवर रोज खूण करायची, रोज रात्री रंगीत पेल्याचा फोटो टाकायचा आणि इतरांनी त्याखाली टाळ्या वाजवायच्या. माणसाने जे केलं त्याचे फोटो काढतात हे आपल्याला ठाऊक होतं. जे केलं नाही त्याचेही काढतात हे हैदराबादला गेल्यावर समजतं. राजकुमारने सासऱ्यांनाही त्यात घेतलं. यंदा अधिक श्रावण आलेला, म्हणजे धोंड्याचा महिना. जावयाला घरी बोलवून पुरणाचे धोंडे आणि तेहेतीस अनारशांचं वाण द्यायचा. "याच महिन्यात करू, बाबा," तो म्हणाला. "पंधरा ऑगस्टला सुट्टी आहे. आम्ही तिघं धोंड्याला येतो. माझ्या आईचं बघणंही होईल."

चौथ्या दिवशी खोकं आलं. त्यात एक स्टीलचा झाकणवाला डबा, त्याला तो शेकर म्हणत होता. निळ्या, हिरव्या, लाल अशा तीन बाटल्या, नळ्यांचं पुडकं आणि कागदाच्या इवल्या छत्र्या. यातून जे करायचं त्याला मॉकटेल म्हणतात. दारूचा सगळा थाटमाट करायचा आणि दारू तेवढी घालायची नाही. राजकुमार फोनवर चेहरा दाखवून शिकवायचा आणि वामनराव अंगणात खाटेवर बसून तो डबा कानाजवळ धरून हलवायचे. मग निळं पाणी पेल्यात ओतायचे, वर लिंबाची चकती, तिच्यात छत्री. सदरा मळका, पायाला चिखल, आणि हातात हे.

बयनाबाईच्या तोंडाला खाद्य मिळालं. "पान्याले नीळ लावून पेऊन राह्यले. पोट वाळत घालाचं हाये काय?" आणि दुसऱ्या दिवशी, "पाऊस बाहेर पडते आन छत्री गिलासात." बाबाराव, वामनरावांचा रोजचा बसायचा जोडीदार, एकदा मुद्दाम चव बघायला आला. त्याने पेला संपवला, पाच मिनिटं वाट पाहिली, आणि उठला. "चव बरी हाये, वामनराव. पन होत काईच नाई." त्यानंतर तो फिरकला नाही.

पण संध्याकाळी उंबऱ्यात निकाल लागायचा तो "लिंबू" असा. दुसऱ्या दिवशी "पुदिना". मग पुन्हा "लिंबू". हे आठ दिवसांवर टिकायचं नाही, असं बयनाबाईने सांगून टाकलं होतं; ते आठ दिवस उलटले. मग पंधरा दिवस झाले. वामनरावांचे हात सकाळी कापायचे तेही थांबलं. त्यांनी माळ्यावरचा जुना पाळणा काढला, दोन दिवस बसून त्याच्या दोऱ्या नव्याने विणल्या आणि मधल्या खोलीत टांगून पाहिला. बयनाबाई दारातून म्हणाली, "वाकडा हाये." तो वाकडा नव्हता.

विसाव्या दिवशी जेवताना त्यांनी विचारलं, "बरं चाललं ना व माहं?"

"उनतीस झाले का मंग इचारा," ती म्हणाली. "वीस दिवस तं उंदीरबी उपाशी राह्यते."

खरं तर तिला त्या दिवशी बरं बोलता आलं असतं, कुणी अडवलं नव्हतं. पण तीस वर्षं एका माणसाला हिणवायचं म्हणजे ते हाताला वळण लागल्यासारखं होतं, आणि बयनाबाईला आपलं वळण फार प्रिय.

पंधरा ऑगस्टच्या तीन दिवस आधी राजकुमारचा फोन आला. त्याला नवी शक्कल सुचली होती. "आई, तुमच्याकडे मोहफुलं आहेत ना? त्याचं सरबत करू, आपल्या भागातलं मॉकटेल. फक्त एक करा. सोमवारी रात्री भिजवा, मंगळवारी सकाळी चांगली उकळा, गाळा आणि थंड करा. उकळायला विसरू नका."

बयनाबाईने फोन ठेवला आणि गोठ्यातल्या बैलाला ऐकवलं. "कांप्युटर बडवणारा पोरगा मले मोह शिकवते. उकळा म्हन्ते. उकळलं का वास उडून जाते, हे याच्या मायनं याले सांगतलं नाई." सोमवारची वाट कशाला पाहायची? तिने शनिवारीच डबाभर सुकी मोहफुलं धुऊन मडक्यात भिजत घातली. गोडी कमी वाटली म्हणून गुळाचा मोठा खडा टाकला. तोंडाला फडकं बांधून मडकं चुलीच्या उबेला ठेवलं आणि उकळण्याचं नावही घेतलं नाही. तिसऱ्या दिवशी वर फेस आला तो पाहून तिला बरंच वाटलं. जावयाच्या त्या बाटल्यांतही सोडा घातला की फेस यायचा. हा तर घरचा फेस, फुकटचा. वास म्हणाल तर घरभर तीन दिवस मोहाचाच होता, आणि मोहाला मोहाचा वास येणार नाही तर कशाचा येणार?

आणि दारू? दारू भट्टीतून निघते, हे तिला पक्कं माहीत होतं. नाल्याकाठी मडक्यावर मडकं रचतात, खाली जाळ लावतात, नळीतून थेंब पडतो. लहानपणी तिने लांबून पाहिलं होतं आणि तोंड फिरवलं होतं. भट्टी नाही तर दारू नाही. ज्या गोष्टीकडे माणूस आयुष्यभर तोंड फिरवून उभा राहतो तिच्याबद्दल त्याची मतं फार पक्की असतात.

मंगळवारी शाळेत झेंडा झाला, दारूचं वाईन्स दुकान दिवसभर बंद, आणि अकराच्या सुमारास जावयाची गाडी दारात लागली. राहीबाई उतरल्या त्याच तपासणीला आल्यासारख्या. पाणी प्यायच्या आधी त्या गोठ्यात जाऊन आल्या, मोरीमागे डोकावल्या, माळ्याकडे मान वर करून पाहिलं. कुठेच बाटली नाही. मग त्या वामनरावांच्या जवळ बसल्या, विहीण-व्याही कधी बसत नाहीत इतक्या जवळ, आणि दोनदा खोल श्वास घेतला. वामनराव घामाघूम झाले.

"लिंबू," बयनाबाई स्वयंपाकघरातून म्हणाली. "सकाळपासून लिंबूच हाये. मी पायलं." हे म्हणताना तिचा आवाज जरा वर चढला. राहीबाई पहिल्यांदाच मान हलवून "बरं" म्हणाल्या. मयूरी प्रवासाने थकून मधल्या खोलीत त्या पाळण्याखाली आडवी झाली होती. झाल्यातच जमा होतं सगळं.

जेवणाआधी राजकुमारने बेल्याहून आणलेला बर्फ फोडला, मडक्यातलं सरबत गाळून घेतलं, त्यात लिंबू पिळलं, पुदिना चुरला, शेकर हलवला आणि पेले भरले. छत्र्या लागल्या, फोटो निघाले. "आज एकोणतिसावा दिवस," तो म्हणाला आणि एक घोट घेऊन डोळे मिटले. "आई, एकदम अस्सल."

राहीबाईंनी पेला संपवूनच खाली ठेवला. "मंचिगा उंदि," त्या म्हणाल्या. त्यांना काही मनापासून आवडलं की तोंडातून तेलुगू निघायचं.

वामनरावांनी पहिला घोट तोंडात घेतला आणि पेला घेऊन तसेच उठून गोठ्याकडे गेले. परत आले तेव्हा पेला रिकामा होता. हावरटासारखा एका दमात ओढला, असं बयनाबाईच्या मनात आलं. तिने स्वतः तोवर घेतलं नव्हतं. जावयाने आग्रह केला, आणि आपल्या हातचं आहे, ईनबाईंना आवडलंय, म्हणून तिनेही घेतलं. धोंड्याच्या महिन्यात ती एकवेळ जेवत होती. आदल्या दुपारपासून पोटात काही नव्हतं. पेला गोड लागला आणि छान गार. तिने दुसरा भरला.

"जेवून घ्या ना आधी," वामनराव म्हणाले. कुणी ऐकलं नाही. थोड्या वेळाने ते पुन्हा म्हणाले, "थे सरबत राहू द्या आता." राहीबाईंनी तिसरा पेला पुढे केला.

मग दोन्ही विहिणी, ज्या लग्नापासून एका चटईवर बसल्या नव्हत्या, मांडीला मांडी लावून बसल्या. राहीबाईंनी उखाणा घेतला. बयनाबाईने त्याला उत्तर दिलं. राहीबाईंनी तिच्या पाठीवर अशी थाप मारली की तिच्या हातातलं सरबत लुगड्यावर सांडलं, आणि त्या दोघी त्यावरच हसत सुटल्या. बयनाबाईचा पदर खांद्यावरून घसरला होता, तो तिला सापडत नव्हता. जगात सगळं बरं चाललं आहे असं तिला फार वर्षांनी वाटत होतं.

हसण्याचा आवाज ऐकून मयूरी बाहेर आली. राजकुमारने तिच्यासाठी ठेवलेला पेला उचलून तिच्या हातात दिला. तिने तो ओठांशी नेला, आणि वामनरावांनी झडप घालून तो हिसकावला आणि अंगणात भिरकावला. मग मडकं उचललं आणि उरलेलं सगळं चिखलात ओतून दिलं.

"खराब झालं होतं थे," वामनराव म्हणाले.

"खराब कायचं, मस्त तं होतं," राहीबाई म्हणाल्या. राजकुमारने ते मडकं हातात घेतलं, आत नाक घातलं आणि सावकाश खाली ठेवलं. लिंबू आणि पुदिन्याखाली झाकलेला वास आता त्याला उघडा आला होता.

"आई, यात दारू आहे," तो म्हणाला.

सगळ्यांच्या माना वामनरावांकडे वळल्या. दुसरीकडे वळायचं कारणच काय? वामनरावांनी तोंड उघडलं. त्यांनी बायकोकडे पाहिलं. ती चटईवर बसून अजून पदर शोधत होती, आणि चेहऱ्यावरचं हसू पुरतं विझलं नव्हतं. त्यांनी तोंड मिटलं आणि मग म्हणाले, "मी टाकली."

त्यानंतर बयनाबाई जे बोलली ते गल्लीने ऐकलं. उनतीस दिवस थांबला आणि लेकीच्या पोटावर लाथ मारली, असं ती म्हणाली. बैलाच्या जातीचा म्हणाली. मग म्हणाली, बैलाला कशाला नाव ठेवू, बैल कामाचा आहे. पोटातल्या पोराला दारू पाजायला निघालेला बाप तिने जन्मात पाहिला नव्हता. वामनराव खाली मान घालून उभे राहिले. राहीबाई उठल्या, जरा तोल गेला, भिंत धरली, आणि म्हणाल्या, "चाल मयूरी." मयूरी रडत गाडीत बसली. पाटावर तेहेतीस अनारसे तसेच राहिले, आणि दुपारपर्यंत त्यांना मुंग्या लागल्या.

बयनाबाई त्या दुपारी झोपली. ती दिवसा कधी झोपत नसे. उठली तेव्हा कपाळ ठणकत होतं आणि तोंड कोरडं पडलं होतं. रडण्याने झालं असेल, असं तिला वाटलं. दिवेलागणीला अंगणात पावलं वाजली. तशी ती उठून उंबऱ्यात उभी राहिली, सवयीनेच.

"हा करा."

वामनरावांनी हा केला. तिने पुन्हा करायला लावलं. नुसतं लिंबू होतं, तेही सकाळचं. मोहाचा मागमूस नव्हता.

"तुमी पेले नाई," ती म्हणाली.

"नाई."

"मंग गिलास रिकामा होता थो?"

"घोट तोंडात घेतला आन कळलं. गोठ्यात जाऊन थुकलो. उरलेलं बी ओतलं."

"आन टाकली कायले?"

वामनराव उंबऱ्याबाहेरच खाली बसले. "आज वाईन्स बंद हाये, बयना. म्या कुठून टाकन? मोहाले भट्टी नाई लागत. गूळ टाकून तीन दिवस उबेले ठेवलं का थो आपसूक होते. भट्टी लागते थे निराळी काढाले. मले वाटलं तू सकायी उकळशीन." त्यांनी तिच्याकडे मान वर केली. "खरं वाटत नसन तं तूच हा कर."

बयनाबाईने हाताचा पंजा तोंडासमोर धरला आणि श्वास सोडला. मग तो पंजा नाकाशी नेला. ज्या नाकाचा निकाल कधी चुकला नव्हता त्याला क्षणाचाही वेळ लागला नाही. मोहाची.

तिने हात पदराला पुसला, आणि पुन्हा पुसला.

"मंग बोलले काऊन नाई तवाच?" तिने विचारलं.

"काय बोलू? इनबाईसमोर सांगू का माह्या बायकोनं दारू केली आन दोन गिलास पेली?" वामनराव म्हणाले. "माहं नाव तं तीस वर्सापासून खराबच हाये. थ्याच्यात अजून एक गेलं तं काय. तुहं पयलांदा गेलं असतं."

बयनाबाईला लाज वाटली. साधी नाही, अंगभर वाटली. या माणसाने महिनाभर काय गिळलं होतं ते तिला आता कळत होतं, आणि त्यात निळं पाणी सगळ्यात कमी होतं. ती त्यांच्याशी त्या रात्री एक शब्दही बोलली नाही. वामनरावांना ती अजून रागावलेलीच वाटली, कारण गप्प बसलेली बयनाबाई त्यांनी कधी पाहिली नव्हती.

सकाळी अमावस्या. उद्यापासून निज श्रावण, खरा श्रावण लागणार. म्हणून गावात आज गटारी होती. महिन्यापूर्वी आषाढातल्या अमावस्येला एक गटारी उरकून झालेली, तरी अधिकाच्या निमित्ताने ही दुसरी. असल्या हिशोबात गावाची चूक होत नाही. बाबाराव सकाळीच दारात हजर. "ऐकलं मी," तो आनंदाने म्हणाला. "तुटला ना महिना? मंग या संध्याकाळी. एकटंच कायले पेता घरात."

वामनराव काही बोलायच्या आत बयनाबाई बाहेर आली. "महिना नाई तुटला," ती म्हणाली. "तुमी जा." बाबाराव गेला. ती आत गेली, मोबाईल घेतला आणि राहीबाईंचा नंबर लावला. खरं सांगितलं तर राहीबाई म्हणतील, बाप परवडला, ही बाई नको. पोटुशीच्या तोंडाशी आलेली दारू हिने केली. लेक आता कायमची हातची जाऊ शकते हे तिला दिसत होतं. न सांगता गप्प राहिलं तर निदान दोष नवऱ्याचा राहतो, आणि तो तर उचलायला तयार बसला होता. फोन लागला.

"इनबाई, बयना बोलते. डोकं दुखते काय?"

पलीकडून राहीबाई म्हणाल्या, "कालपासून धरलं हाये. गाडीच्या हवेनं."

"गाडीच्या नाई. मोह म्या सडवला. जावई उकळा म्हनले होते, म्या उकळला नाई. मले वाटलं दारू भट्टीशिवाय होत नाई. तुमी तीन गिलास पेले, मी दोन. त्या घरात एकच मानूस होता ज्यानं थेंब नाई गिळला, आन थ्यालेच आपन दोघीनं शिव्या देल्या." मग तिने पुढचंही सांगून टाकलं. "मयूरीच्या तोंडाजवळचा गिलास त्यानं फेकला. मी तं हसत होती. आता ठेवा नाईतं नका ठेवू."

राहीबाईंनी फोन कापला. बयनाबाई तो हातात धरून चुलीपाशी बसून राहिली. दुपारी जेवली नाही. चार वाजता मयूरीचा फोन आला.

"माय, मी रविवारी येते म्हनून सांग बाबाले," मयूरी म्हणाली. ती अडखळली. "सासूबाईनं एक अट घातली हाये."

"सांग."

"थ्या घरात मले जे खायाले-प्यायाले देतीन थे आधी बाबा चाखून पायतीन. तू नाई. म्हन्ते, थ्या घरात भरवशाची जीभ एकच हाये."

तीस वर्षांत बयनाबाईला कुणी असं बोललं असतं तर त्याची सात पिढ्यांची वंशावळ निघाली असती. ती "हाव" म्हणाली आणि फोन ठेवला.

संध्याकाळी पारावर दुसऱ्या गटारीचा गोंगाट सुरू झाला. वामनराव बैलांना पाणी दाखवून आले, उंबऱ्यापाशी थांबले आणि न सांगताच तोंड उघडलं. बयनाबाई दाराच्या चौकटीतून बाजूला झाली.

"राहू द्या," ती म्हणाली. "पाय धुवा. डिंकाच्या लाडवाचं तूप कढवून राह्यली, थे जरा चाखून सांगा."